हिरोची आई

शिवणाच्या त्या खोलीत मशिनं चार होती आणि कात्री एकच. म्हणजे कात्र्या पुष्कळ होत्या, पण कामाला येणाऱ्या बायका ‘कात्री’ म्हणायच्या ती मालकिणीला, तेही पाठीमागे. समोर मावशी. मालकिणीला दोन्ही नावं ठाऊक होती आणि खरं सांगायचं तर पाठीमागचंच जास्त आवडायचं.

तीनला मशिनं थांबायची. मग तासभर हातकाम, बटणं, हुका, तुरपाई. त्या तासात मालकिणीची धाकटी लेक पुस्तक वाचून दाखवायची. मालकीण स्वतः दुसरी पास. दुकानाची पाटी वाचायची, सही ठोकायची, आणि तेवढ्यावर तिने हा सगळा पसारा उभा केला होता. गोष्ट ऐकायला शाळा लागत नाही. त्यावर तोंड चालवायला तर नाहीच नाही.

या वेळच्या पुस्तकातला हिरो गडगंज. दारात सात गाड्या, आणि एकीचंही चाक कधी पंक्चर नाही. नायिकेला त्याच्यापासून दिवस गेले, ती न सांगता निघून गेली, पोर चार वर्षांचं झालं तरी बापाला गंध नाही. यावरून खोलीत उभे दोन तट पडले. बटणवालीचं म्हणणं, बापाला कळवायचं नाही म्हणजे काय, पोर काय एकटीचं आहे? इस्त्रीवाली म्हणायची, पोराला ताप भरला तेव्हा उशाशी कोण बसलं होतं, ते आधी बघा. दोघी इतक्या भांडायच्या की एकदा बटणं उलट्या बाजूला लागली.

मालकिणीचं तिसरंच होतं. एवढा पैसा असून त्याला एक बाई सापडत नाही? आपला कापडवाला ‘पिवळं दार’ एवढ्याच खुणेवरून गिऱ्हाइकाचं घर शोधून काढतो. आणि या हिरोला आई नाही का? आभाळातून पडला? पोरगी घरातून गेली कशी, ते त्याच्या आईला विचारा म्हणावं.

दुसऱ्याच दिवशी हिरोला आई आली.

आणि आली ती काय बाई होती. नाक वर, जीभ म्हणजे धार लावलेली. नायिका बंगल्याच्या दारात आली, काहीतरी सांगायचंय म्हणाली, तर हिने तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. खोलीतले दोन्ही तट एक झाले. हिरो राहिला बाजूला, सगळ्या मिळून त्या म्हातारीच्या मागे लागल्या. सगळ्यांत पुढे मालकीण. दारात आलेलीला पाणीसुद्धा विचारू नये? असलं काळीज घेऊन बाई पोरं वाढवते कशी?

धाकटीने मान वर न करता पान उलटलं आणि पुढे वाचलं. हिरोची आई नायिकेला म्हणाली, “जिना उतर. शेवटची पायरी मोडकी आहे, जपून जा. पडशील आणि नाव आमचं होईल.”

बायकांनी त्या म्हातारीला शेलक्या शिव्या दिल्या. मग इस्त्रीवाली म्हणाली, एवढा संगमरवरी बंगला आणि पायरी मोडकी कशी? सगळ्या हसल्या. मालकीण तेवढी हसली नाही. तिच्या सुईतला दोरा संपला होता आणि ती तशीच टाके घालत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धाकटी गिऱ्हाइकाकडे गेली, तेव्हा मालकिणीने पुस्तक काढलं. बोट ठेवून ती ‘आई’ शोधू लागली. तेवढा शब्द तिला लांबूनही ओळखू यायचा. पुष्कळदा सापडला, पण दर वेळी हाक मारणारं ते पोरच. शेवटी मागे येत दुसऱ्या पानावर, जिथे हिरोचं वर्णन होतं, तिथे धाकटीने न वाचलेली एक ओळ लागली. अक्षराला अक्षर जोडत ती वाचायला तिची अख्खी सुट्टी गेली. त्याची आई तो तान्हा असतानाच वारली होती.

धाकटी परत आली ती चप्पल काढायच्या आत मालकिणीने विचारलं, “पुस्तकात त्याची आई मेलेली आहे. मग काल ते पायरीचं बोललं कोण?”

“तू बोललीस, आई. पाच वर्षं झाली. मी जिन्याखाली उभी होते.”

मालकिणीला सगळं लख्ख आठवत होतं. काजं करायला येणारी ती पोर, थोरल्या लेकाशी तिचं बोलणं वाढलेलं. काहीतरी सांगायचंय म्हणाली होती. सांगू दिलं नाही. थोरला बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीवर आल्यावर त्याला सांगितलं, गेली सोडून.

“पोर किती मोठं आहे?” तिने भिंतीकडे बघत विचारलं.

“साडेचार वर्षांची. मुलगी आहे. पुलापलीकडे राहतात. महिन्यापूर्वी भेटल्या मला.”

“थोरल्याला?”

“त्याला कळवलं नाही अजून. ती म्हणते, त्या जिन्यावर मी पुन्हा चढणार नाही.”

“बरोबर आहे तिचं,” मालकीण म्हणाली. हे तीन शब्द या घरात तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते.

तीन वाजले. बायका हातकाम घेऊन बसल्या आणि त्या म्हातारीचं पुढे काय झालं म्हणून धाकटीच्या मागे लागल्या. धाकटीने पुस्तक उघडलं, पण वाचेना. आईकडे बघत राहिली.

“वाच ना,” मालकीण म्हणाली. “म्हातारी जिना उतरली म्हणावं. दुसऱ्याला चढायला लावायला ती काय राणी आहे?”

ती उठली. गळ्यात मोजायची टेप तशीच होती. धाकटी काढायला गेली तर म्हणाली, राहू दे, पोरीचं माप लागेल. दारात थांबून पुन्हा म्हणाली, “आणि तिने मला आत घेतलं नाही, तर तू मध्ये बोलायचं नाहीस. मी बाहेर उभी राहीन.”

दोघी जिन्याला लागल्या. पुस्तक मशीनवर पालथं पडलेलं होतं. इस्त्रीवालीला धीर निघेना. तिने ते उचललं, चाळलं, आणि मोठ्याने म्हणाली, “अगं, हिची काय फसवाफसवी? याची आई तर दुसऱ्याच पानावर वारलीय.”

खालून, त्या मोडक्या पायरीवरून, कात्रीचा आवाज आला. “वारली नाही अजून. कामं करा.”