वरचा सूर

मास्तरांनी आपली खुर्ची उचलली आणि मेहुण्यापासून चार हात लांब नेऊन ठेवली. सेटवरच्या एका माणसानं ती परत आणून जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या खुणेवर ठेवली. मास्तरांनी ती पुन्हा उचलली.

"काका, तुम्ही दोघं शेजारी-शेजारी हवे आहात," दिग्दर्शिका म्हणाली. पोरगी त्यांच्या नातीच्या वयाची, डोक्यावर उलटी टोपी. "जुने मित्र ना तुम्ही?"

"तो माझ्या बायकोचा भाऊ आहे." मास्तरांनी दुखण्याचं नाव सांगावं तसं सांगितलं.

मेहुणा अकॉर्डियनचे पट्टे खांद्यांवर चढवत होता. वर न बघताच तो म्हणाला, "त्यात माझा दोष नाही. लग्न ठरलं तेव्हा मी गावाला होतो."

खुर्ची खुणेवर आली. मास्तर तिच्यावर तिरके बसले, म्हणजे निदान त्याचं तोंड तरी दिसायला नको.

उभी हयात दोघांनी एकाच हॉटेलातल्या नाचघरात वाजवलं होतं. मास्तर व्हायोलिनवर, मेहुणा अकॉर्डियनवर. भांडणं तेव्हाही व्हायची, पण ती संध्याकाळी वाद्यं उघडली की मिटायची. मग नाचघर बंद पडलं, आणि काही वर्षांनी घरातल्याच एका जेवणात, मास्तर वाजवून पानावर बसले असताना, मेहुण्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, "तुझा कान गेलाय. वाद्य पेटीत ठेव आता." मास्तर भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता. एका खोलीत आलेच, तर निरोप बायकोमार्फत.

सिनेमा म्हाताऱ्या वादकांचा होता, विनोदी. आजच्या प्रसंगात मोडकळीला आलेला बँड पुन्हा एकत्र येतो आणि इतकं वाईट वाजवतो की नाचणारी जोडपी काढता पाय घेतात. बाकीचे वादक नटच होते, त्यांची वाद्यं मुकी. हे दोघं तेवढे खरे.

"सुरुवात बरी करायची," दिग्दर्शिका समजावत होती, "मग हळूहळू घसरायचं. शेवटचा व्हायोलिनचा वरचा सूर तर पार गेला पाहिजे. लोकांनी पोट धरून हसायला हवं."

मास्तरांनी मान हलवली आणि उठून बायकोकडे गेले. ती भिंतीशी थर्मास घेऊन बसली होती.

"तुझ्या भावाला सांग," ते म्हणाले, "मी नीट वाजवणार आहे. अगदी पूर्वीसारखं. एकदा कॅमेरा सुरू झाला की कोण अडवतंय? कुणाचा कान गेलाय ते पडद्यावरच दिसू दे सगळ्यांना. हे काम मी घेतलंय ते तेवढ्यासाठीच."

मेहुणा दोन पावलांवर उभा होता. बायकोनं तिकडे तोंड वळवलं. "दादा, हे म्हणतायत की..."

"ऐकलं. मला येतं ऐकू. त्याला म्हणावं, आधी सूर मिळवून घे."

आणि त्यानं एक पट्टी दाबून धरली. नाचघरात रोज संध्याकाळी हेच चालायचं. अकॉर्डियनचे सूर कारखान्यातच बसवलेले, ते हलत नाहीत. व्हायोलिनच्या तारा मात्र त्याच्यावरून मिळवाव्या लागतात, आणि पुढे बोट कुठे पडायला हवं ते सांगायला कानाशिवाय कुणी नसतं. मास्तर त्यावरून त्याला चिडवायचे, तुझा कान कारखान्यात गहाण आहे म्हणून. चिडवायचे, पण सूर त्याच्याकडूनच घ्यायचे.

आता त्यांनी पाठ फिरवली. व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि आपल्या मनानं खुंट्या पिळल्या.

मेहुण्यानं पट्टी सोडली. "सुंभ जळेल, पीळ जायचा नाही," तो अकॉर्डियनलाच म्हणाला.

दिवे लागले. जोडपी जागेवर आली. मास्तरांनी गज तारेवर ठेवला आणि त्यांची जुनी संथ धून सुरू केली.

बोटं काही विसरली नव्हती. मास्तरांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून येतात की काय असं झालं. मेहुण्यानंही वेडंवाकडं काही वाजवलं नाही, चोख साथ धरली, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ते मनातल्या मनातही त्याच्या खात्यावर जमा केलं नाही. शेवटी व्हायोलिन एकटंच वर चढतं आणि तिथं लांबवर थांबतं. नाचघरात त्या सुरावर पावलं थांबायची. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं एका कानावरचा हेडफोन सरकवला. बायको थर्मासचं झाकण फिरवत राहिली, ते केव्हाच घट्ट बसलं होतं. खरं तर या जागी अकॉर्डियननं गप्प राहायचं असतं, पण मेहुण्यानं तोच सूर खाली धरला, आधी हलका, मग मोठ्यानं. माझा सूर झाकायला बघतोय मेला, असं मनात म्हणून मास्तरांनी गज आणखी रेटला.

"कट!"

सेटवर हशा पिकला. टाळ्या पडल्या. दिग्दर्शिका डोळे पुसत धावत आली.

"काका, कमाल! तो शेवटचा सूर! मुद्दाम इतकं बेसूर वाजवायचं म्हणजे... जमतं तरी कसं तुम्हाला?"

मास्तरांचा गज हवेतच राहिला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. मग नाइलाजानं त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं.

मेहुणा त्यांच्याकडेच बघत होता. आता तो बोलणार. इतकी वर्षं ज्यासाठी थांबला, ते आज आयतं चालून आलं होतं, तेही भरल्या सेटवर. मास्तर त्याच्या जागी असते तर त्यांनी सोडलं नसतं. त्यांनी मान ताठ केली.

"कसं जमतं म्हणजे?" मेहुणा दिग्दर्शिकेवरच खेकसला. "आठवडाभर रोज घरी बसवून डोकं खाल्लंय यानं माझं. असं घसरायला कान शाबूत लागतो. उगीच खिदळताय काय? गंमत वाटली का तुम्हाला?"

"नाही काका, सॉरी, तसं नव्हतं म्हणायचं."

"मग झालं तर."

मास्तर खाली बसले. गज मांडीवर आडवा ठेवला. आभार मानावेत असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही. उलट त्या माणसाची गचांडी धरावीशी वाटली. तो खरा ठरला होता, आणि ते बोलून दाखवण्याइतकीही दुष्टाई त्यानं केली नव्हती. आता भांडायचं तरी कशावरून?

"अजून एकदा घेऊ, त्या बाजूनं," दिग्दर्शिका म्हणाली. "अगदी असंच वाजवा हं, काका."

कॅमेरा हलवला गेला. जोडपी पुन्हा उभी राहिली. मेहुण्यानं कुणाकडेही न बघता ती पट्टी दाबली आणि धरून ठेवली.

"नका ना मिळवू आता. आहे तेच मस्त आहे," दिग्दर्शिका म्हणाली.

"बेसूर व्हायलाही आधी सूर लागतो," मेहुणा म्हणाला. भाता संपत आला तसा त्यानं उलटा फिरवला, पण पट्टी सोडली नाही.

मास्तरांनी खुर्ची उचलली. सेटवरचा माणूस वैतागून पुढे झाला, पण या खेपेस ती खुणेच्या अलीकडे आली, मेहुण्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. मास्तर बसले. व्हायोलिन हनुवटीखाली धरून त्यांनी डोकं अकॉर्डियनकडे झुकवलं आणि खुंटीला हात घातला. तसेच थांबले. निरोप असेल म्हणून बायको अर्धवट उठली. त्यांनी हातानंच तिला बस म्हटलं.

"जोरात दे," मास्तर म्हणाले. "ऐकू येत नाही मला."