सध्याचे कर्मचारी

त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि किटली हातातच धरून उभा राहिला. ऊन अजून कोवळे होते. आधी ते समोरच्या गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर टेकले, मग गजांमधून आत उतरून ओट्यावरच्या ओल्या कपांवर थबकले, आणि कुणाची हरकत तर नाही ना, असा कानोसा घेत टेबलाकडे सरकले. टेबलावर गावाबाहेरच्या पाणथळीचा नकाशा पसरला होता. त्यावर कोपरे टेकून थोरली बहीण बसली होती. तिचे डोळे मिटलेले होते. ताई ऊन अंगावर घेते आहे, असे त्याने स्वतःला सांगितले.

“अर्थखात्याचे साहेब,” डोळे न उघडता ती म्हणाली, “चहा होतोय, की नुसताच अंदाजपत्रकात आहे?”

“होतोय.” त्याने किटली शेगडीवर ठेवली. “हा नकाशा आत्ताच तुझ्याकडे कसा? कायदा अजून व्हायचाय.”

“कायदा येईल सावकाश. काम पुढे निघून आलंय.”

वन्यजीवांच्या अधिवासाचे आराखडे आजवर वनविभाग करीत असे. नव्या विधेयकाने ती जबाबदारी नगरपालिकांकडे जाणार होती, आणि या बदलाचा सरकारला किती खर्च येईल, याचे टिपण आज त्याला द्यायचे होते. ताई नगरपालिकेत बांधकाम परवाने पाही. शिवाय गटारांच्या तक्रारी, आणि ज्याला दुसरा वाली नाही असे जे जे असेल ते.

“मुदतीत आराखडा झाला नाही तर?” त्याने विचारले.

“मग पाणथळीत भराव टाकणाऱ्यांना रान मोकळं.”

“आणि पक्षी?”

“पक्ष्यांचा अर्ज आलेला नाही.” ती हसली आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठली. “तू तुझं लिही, बाळ्या. माझं मी बघते.”

त्याच्या कार्यालयाची एक जुनी रीत होती. नवे पद लागत नसेल, तर कामाला खर्च नाही असे धरले जाई, आणि टिपणाच्या शेवटी ठरलेले वाक्य येई : सध्याचे कर्मचारी हे काम सांभाळतील. ते त्याने कितीदा तरी लिहिले होते. त्याची संथ लय त्याला आवडत असे. आज मात्र त्याने दर पालिकेमागे एक नवे पद धरले.

टिपण वाचून मुख्य लेखाधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“हे काय रे? पालिकांत माणसं नाहीत का?”

“आहेत, साहेब. पण...”

“पण कसला? एवढा खर्च दाखवला तर विधेयक अडकेल, आणि बोलणी मी खाईन. काम तेच आहे. फक्त टेबल बदललं.”

“एका पालिकेतलं मला माहीत आहे. तिथं हे सगळं एकटीवर येणार आहे.”

“कुणावर?”

“माझ्या बहिणीवर.”

साहेबांचा आवाज जरा खाली आला.

“मग ती काय म्हणते? जमणार नाही म्हणाली?”

तो आठवू लागला. आईचे आजारपण, त्याचे शिक्षण, नोकरीवाचून गेलेले त्याचे दिवस... प्रत्येक वेळी तिने एखादा विनोद करून पदर खोचला होता. ताई सांभाळेल, असे घरात सगळे म्हणत. पुढे तसे म्हणण्याचीही गरज उरली नव्हती.

“नाही,” तो म्हणाला. “तसं ती कधीच म्हणत नाही.”

“मग झालं तर. लिही ते नेहमीचं वाक्य.”

कागद त्याच्यासमोर सरकला. त्याने पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले. बाहेर व्हरांड्यातून कुणीतरी खुर्ची ओढत नेत होते.

“साहेब,” तो म्हणाला, “ती दमली आहे.”