इलिसोनीची पाचवी शिवी

गळ्याची आण, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर माझ्या ताटातला दालोचा कंद जन्मभर खाजरा निघो.

आमच्या कांदावू बेटावरच्या इलिसोनी म्हाताऱ्याला मागे मेंदूचा एक लहानसा झटका येऊन गेला. तेव्हापासून तो मासळीत दोनदा मीठ घालायचा, वर बायकोलाच म्हणायचा, "तोरिका, तुझ्या तोंडाची चव गेलीय." याचं डोकं फिरलंय की नुसती खोडी चाललीय, तेच तोरिकाला कळेना. त्यातून हा होडी घेऊन एकटाच समुद्रात जायचा. तिचा जीव टांगणीला!

अशात राजधानी सुवाचे आणि मेलबर्नचे डॉक्टर मिळून गावात आले. डोक्यातल्या रक्तवाहिन्या तुंबल्या की आठवण कशी आटते, याचा अभ्यास करायला. तोरिकाने नवऱ्याला ओढतच सभागृहात नेलं आणि चटईवर आपल्याशेजारी बसवलं.

त्यांच्याबरोबरची नर्स अकेनेता म्हणाली, "मामा, हे शब्द ध्यानात ठेवा हं. होडी, मीठ, घंटा, कोंबडा, चटई."

"तू गं कुठली?"

तिने गाव सांगितलं मात्र, म्हाताऱ्याचे डोळे चमकले. दोन्ही गावांचा मूळपुरुष एक, म्हणजे ती त्याची तौवु निघाली. तौवुची टर उडवायचीच असते. सरळ बोललं तर अपमान!

"साल कोणतं, मामा?"

"तुझ्या गावाने आमचं डुक्कर पळवलं ते."

तिने कासवाचं चित्र दाखवलं. "हे काय?"

"तुझा बाप! मान बघ की."

मेलबर्नचा डॉक्टर हॅमिश फुलीवर फुली मारत होता. तोरिका मान उंचावून त्या फुल्या मोजत होती.

"आता मघाचे शब्द सांगा."

"तुमच्या होडीला भोक, मिठाला किडे, घंटा मुकी, कोंबडा अंडी घालतो..." म्हातारा थांबला. "आणि तुमची चटई पाहुण्याच्या ढुंगणाला चिकटून घरी जाते!"

हशा पिकला. अकेनेता डोळे पुसत म्हणाली, "खोडा त्या फुल्या, डॉक्टर! मला नीट उत्तर दिलं असतं तर गावाने यांना जेवू घातलं नसतं. तुम्ही विचारा."

हॅमिशने विचारलं, तर म्हाताऱ्याने जांभया देत साल, महिना, कासव सगळं बरोबर सांगितलं.

निघताना तोरिकाने अकेनेताला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. आता तोरिका रोज अकेनेताने दिलेली रक्तदाबाची गोळी नवऱ्याच्या हातावर ठेवते आणि होडीत त्याच्या आधी जाऊन बसते.

"माझ्यावर पाळत ठेवतेस?" तो विचारतो.

"मीठ मोजायला येते," ती म्हणते.

बरं बाई, एक गोष्ट मी लपवली. तोरिकाने अकेनेताला बाजूला घेऊन सांगितलं ते हेच, की पाचवा शब्द त्याला आठवला नव्हता. तोरिकाने बसल्या जागी चटईवर हळूच थोपटलं होतं.