रविवारचा कावळा

मी एक पाटी. पत्र्याची, पिवळी, दोन शेतांच्या बांधावर एका जुन्या ओकच्या खोडाला ठोकलेली. शिकलेली किती म्हणाल, तर माझ्या अंगावर आहेत तेवढीच अक्षरं: ‘रविवारी शिकार करू नये. एल्वुड निसली.’ बाकीचं सगळं ऐकून ऐकून आलं. बांधावर उभं राहिलं की दोन्ही घरांतलं कानावर पडतंच, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही. कुणाकडे पाहुणे आले, कुणाची गाय व्यायली, कुणाचं कुणाशी बिनसलं, मला विचारा. आज मात्र जे सांगायला बसलेय त्यानं मान खाली जातेय. आणि चार खिळ्यांनी ठोकलेल्या पाटीला मान खाली घालायचीही सोय नसते.

माझा जन्म दुधाच्या जुन्या टाकीच्या झाकणातून झाला. एल्वुडनं ते कातरीनं कापलं, कडा घासल्या, पिवळा रंग दिला. अक्षरं त्याच्या बायकोनं काढली, ऱ्होडानं. ती चर्चमध्ये पोरांना गोष्टी सांगते, अक्षर मोत्यासारखं. एकेक अक्षर काढताना श्वास रोखून धरायची. खिळे ठोकून झाल्यावर एल्वुड चार पावलं मागे गेला आणि म्हणाला, “वाकडी नाही ना?”

“सरळ आहे,” ऱ्होडा म्हणाली. “वाचणारे सरळ निघाले म्हणजे झालं.”

आता तुम्ही म्हणाल, पेनसिल्व्हेनियात रविवारी शिकार कायद्यानंच बंद होती, मग पाटी हवी कशाला? तर कायद्यात एक फट होती. कोल्हा, कावळा अशा दोन-तीन जिवांना रविवारी मारायची सूट होती. झालं. रविवारी बंदूक घेऊन दिसला त्याला विचारा, कुठे निघालास, तर म्हणणार, कावळे मारायला. आमच्या खोऱ्यात रविवारी जेवढी माणसं कावळ्यांमागे लागत, तेवढे कावळे अख्ख्या राज्यात नसतील. सोमवारी कुणाच्या घरून हरणाच्या रश्श्याचा वास आला, की शेजारी विचारायचे, “काय, कावळा शिजलाय वाटतं?” हसायचे, सोडून द्यायचे. ऱ्होडाला ते खपत नसे. आठवड्यात एक दिवस तरी माणसानं रानात अक्रोड वेचायला जावं आणि गोळीची भीती नसावी, एवढंच तिचं मागणं. म्हणून मी.

बांधापलीकडे गेलन वर्टचं घर. तो नि त्याची म्हातारी आई पॉलीन. जमीन पट्टीएवढीच, त्यामुळे गेलन वेफर्सच्या कारखान्यात कामाला, आठवड्याचे सहा दिवस. हिवाळाभराचं मटण म्हणजे त्याला मिळेल ते एखाददुसरं हरीण. माझ्यावरून त्याची नि एल्वुडची नेहमी जुंपायची, पण ती चेष्टेची. गेलन माझ्यावर कोपर टेकून म्हणायचा, “देवानं सहा दिवस काम सांगितलं, ते मी करतो. सातवा दिवस मिळतो, तर तिथे तुमची पाटी.” एल्वुड म्हणायचा, सातवा दिवस विश्रांतीचा असतो. त्यावर गेलन विचारायचा, “मग तुमच्या गायी रविवारी दूध देत नाहीत का? की आचळांनाही पाटी लावलीत?” दोघंही हसायचे. कोण बरोबर, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. मी आपली लिहिलेलं म्हणत राहायचे.

त्या वर्षी उन्हाळ्यापासून हरणाचा एक मोठा नर दिसत होता. डावं शिंग खाली झुकलेलं, त्यामुळे सारं खोरं त्याला ओळखायचं. गेलन रोज संध्याकाळी कारखान्यातून आला की कुंपणाशी उभा राहून त्याची वाट पाहायचा. हरणांचा हंगाम तेव्हा नोव्हेंबरअखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी उघडायचा. त्या दिवशी आमच्याकडे शाळा बंद, कारखाने बंद. सोमवारी तो नर आपल्याला लाभणार, असं गेलननं मनात पक्कं धरलं होतं. आईला त्यानं फ्रीजर रिकामा करायलाही सांगितलं होतं.

आणि आदला दिवस रविवार होता.

दुपारी चर्चहून आल्यावर, जेवून ऱ्होडा आडवी झाली. एल्वुड तिला म्हणाला, गाय व्यायला आलीय, गोठ्यात जातो. आला मात्र मक्याच्या रानाकडे, हातात बंदूक. कणसांवर कावळे बसले होते खरे. तो कावळ्यांसाठी निघाला होता, की तसं स्वतःलाच सांगून निघाला होता, हे त्याचं त्याला ठाऊक. त्याच वेळी बांधापलीकडे गेलनही आपल्या जमिनीत कावळ्यामागे होता, आणि तो खरोखरच कावळ्यामागे होता. मी पाहिलं. त्यानं गोळी झाडली, नेम चुकला, कावळा ओरडत उडून गेला. त्या आवाजानं झुकल्या शिंगाचा नर रानातून उठला आणि एल्वुडच्या मक्यात आला.

एल्वुडनं इकडेतिकडे पाहिलं. मग त्याची बंदूक वाजली.

नर जागीच पडला नाही. धावत आला, माझ्याजवळून कुंपण ओलांडून गेलनच्या शेतात गेला आणि तिथे कोसळला. एल्वुड त्याच्यामागे झपाझप चालत ओकपाशी पोचला, तेवढ्यात पलीकडून गेलन येताना दिसला. एल्वुडनं बंदूक खोडाला टेकवून ठेवली. कुठल्या बाजूला? माझ्या मागच्या.

“एल्वुड, कुणी मारला हो हा? तुम्ही पाहिलंत का?” गेलन धापा टाकत होता. एल्वुड म्हणाला, आवाज ऐकला. गेलन किती तरी वेळ त्या नराकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, कुणी का मारलेला असेना, मटण नासायला नको; मी पोट फाडून आतडी काढतो आणि शिकार खात्याला कळवतो. सुरी काढून तो गुडघ्यावर बसला.

खात्याला कळवायची गरज राहिली नव्हती. बंदुकीच्या आवाजानं ऱ्होडा जागी झाली होती आणि तिनं फोन केला होता, की आमच्या पाटीला न जुमानता रविवारी कुणीतरी गोळ्या घालतंय. नवरा गोठ्यात आहे, असंच ती धरून होती बिचारी.

अधिकारी आला तेव्हा गेलनचे हात कोपरापर्यंत लाल होते. रक्ताची ओळ एल्वुडच्या मक्यातून निघून कुंपणावरून पलीकडे गेलेली. गोळी आरपार गेली होती, सापडली नाही. अधिकाऱ्यानं विचारलं, बंदूक झाडलीस का? गेलन म्हणाला, झाडली.

“कशावर?”

“कावळ्यावर.”

अधिकारी हसला. वाईट माणूस नव्हता तो. हे उत्तर त्यानं इतक्यांदा ऐकलेलं, की हसूच आलं. “अरे, निदान कोल्हा तरी म्हणायचंस.”

सबंध खोऱ्यानं वर्षानुवर्षं ज्या शब्दाआड खोटं लपवलं, तोच शब्द गेलननं खरा म्हणून सांगितला. चुकलेल्या नेमाचा कावळा नि दुसऱ्या बंदुकीचा आवाज साक्षीला आणायचा कुठून? अधिकारी एल्वुडकडे वळला. चर्चचा पंच, पाटी लावणारा माणूस; त्याच्या शब्दाला वजन. “तुम्हाला काय ठाऊक आहे, मिस्टर निसली?”

एल्वुडनं नराकडे पाहिलं. मग वर, माझ्याकडे. आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, “पाटीवर लिहिलंय ते स्पष्ट आहे.”

एवढंच. तो खोटं बोलला नाही. ते काम त्यानं माझ्याकडून करून घेतलं. गेलन त्याच्याकडे बघत होता, तो आणखी काहीतरी बोलेल म्हणून. एल्वुडनं बोट खाली घेतलं. अधिकाऱ्यानं लिहून घ्यायला सुरुवात केली. आणि बंदूक माझ्या पाठीशी होती. मी एखादा खिळा सैल सोडून पडले असते, तर अधिकारी ओकापाशी आला असता, त्याला ती दिसली असती. पडले नाही. मीही घट्टच धरून राहिले.

गेलनचा शिकारीचा परवाना तीन वर्षांसाठी गेला. डोंगरावरच्या शिकारखोपीत त्याच्या बापाच्या वेळेपासून जी जागा होती, तीही गेली. दुसऱ्याच्या हद्दीत रविवारी नर मारणारा आम्हाला नको, खोपीतले सोबती म्हणाले. सोमवारी सगळं खोरं रानात असताना तो घरामागे लाकडं फोडत होता. ऱ्होडा अक्रोडाचा केक घेऊन पॉलीनकडे गेली, मनात राग नाही हे दाखवायला. पॉलीननं केक घेतला नाही. दारातच म्हणाली, “माझा मुलगा कावळा म्हणाला ना, मग कावळा. केक घरी ने.”

तेव्हापासून गेलन कुंपणाशी थांबायचा बंद झाला. समोरासमोर गाठ पडलीच, तर ‘मिस्टर निसली’ म्हणायचा. पंधरा वर्षं तोंडात बसलेलं ‘एल्वुड’ त्यानं गिळून टाकलं. एल्वुडला ते लागायचं. तो माझ्यासमोरून जाताना वर बघत नसे. मीही त्याच्याकडे बघायचं टाळत असे. एकाच चोरीतले दोघे कसे वागतात, तसे आम्ही वागायचो.

तीन हंगाम असे गेले. मग राज्याच्या राजधानीत कायदा बदलला. वर्षातले तीन रविवार शिकारीला मोकळे झाले, पण अट अशी, की दुसऱ्याच्या जमिनीत जायचं तर मालकाच्या हातची लेखी परवानगी खिशात हवी. गेलनचा परवाना नुकताच परत मिळाला होता. हरणं सगळी निसलींच्या रानातून यायची. एका शनिवारी कारखान्यातून सुटल्यावर तो आला. घराच्या ओट्यावर गेला नाही, बांधावरूनच त्यानं हाक मारली. एल्वुड आला, मागोमाग ऱ्होडाही.

गेलननं मागायचं ते दोन वाक्यांत मागितलं. मागताना त्याची नजर जमिनीवर. ज्यानं काही केलं नव्हतं, त्यालाच खाली बघावं लागत होतं.

ऱ्होडा म्हणाली, कायदा बदलला तरी आमचा रविवार बदलला नाही. आणि खरं सांगू का गेलन, परवानगी विश्वासावर देतात. तू तर रक्तानं हात माखलेले असताना आमच्या तोंडावर कावळा म्हणालास.

“तो कावळाच होता,” एल्वुड म्हणाला.

तिला वाटलं, हा टोमणा मारतोय. तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि मग मात्र तिचा चेहरा उतरत गेला.

“नर मी मारला. बंदूक या झाडामागे ठेवली होती.”

ऱ्होडाच्या तोंडून एवढंच निघालं, “मी फोन केला होता.” गेलननं टोपी काढली, पुन्हा घातली. मला वाटलं, आता हात उगारतो. तो हळू आवाजात म्हणाला, “मला कशाला सांगता, मिस्टर निसली? मला माहीतच होतं, की मी मारला नाही. माझ्या आईला सांगा. मग खात्याला. मग चर्चमध्ये.”

एल्वुड तसाच, अंगातल्या गोठ्याच्या कपड्यांनिशी, कुंपण ओलांडून पॉलीनकडे गेला. तिथे काय झालं, ते मला ऐकू आलं नाही, आणि पहिल्यांदाच ऐकावंसंही वाटलं नाही. पुढे तो खात्याकडे गेला, चर्चमध्येही उभा राहिला. त्याचा परवाना गेला, पंचाची खुर्ची त्यानं आपणहून सोडली. ऱ्होडानं परवानगीचा कागद स्वतः लिहिला, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. देताना गेलनला म्हणाली, रविवारी बंदुकीचा आवाज मला आजही नकोच आहे. पण हा कागद न द्यायचा हक्क आमचा राहिला नाही. गेलननं कागद घडी करून खिशात ठेवला. आभार मानले नाहीत. मोकळ्या रविवारी तो येतो, ऱ्होडा त्या दिवशी खिडक्या लावून घेते, आणि दोघं एकमेकांशी एका शब्दानंही बोलत नाहीत.

मी अजून इथेच आहे. ओकाची साल माझ्या कडांवर चढत चाललीय. आणखी काही वर्षांत झाड मला पोटात घेईल, आणि मी कुरकुर करणार नाही. रविवारी शिकार असावी की नसावी, हे मला अजूनही सांगता येणार नाही. गेलनचे सहा दिवस खरे आहेत, ऱ्होडाचे अक्रोडही खरे आहेत. तुम्ही हवं ते ठरवा, हवी तशी पाटी लावा. पण उद्या तुमच्यासमोर कुणी रक्ताळल्या हातांनी उभा राहिला आणि तुमच्याकडे बघू लागला, तर पाटीकडे बोट दाखवू नका. गेलननं त्या दुपारी वाट पाहिली, तो वेळ काही फार नव्हता. एक शब्द बोलायला मात्र पुरला असता.