अर्धा म्हणजे किती

आदर्शच्या हाताला गुण आहे, असं आख्खं कोडोली म्हणायचं. कुणाच्या म्हशीला कॅल्शियम द्यायचं असलं की डॉक्टरच्या आधी त्याला हाक. सुई कधी टोचली हे जनावराला कळायचंही नाही. माझा तो लहानपणापासूनचा दोस्त, त्यामुळं त्याच्या हाताचं कौतुक मीही चारचौघांत करायचो. आता ते कौतुक आठवलं की डोकं फिरतं.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही क्रांतीवहिनींना मूल नव्हतं, आणि आदर्शची आई, आक्का, हे त्यांना एक दिवस विसरू द्यायची नाही. ताटावर बसल्यावरसुद्धा, "खा, खा. दुसरं काय जमतंय तुला?" कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आधी वजन उतरवा, मग आशा आहे. वजनाचं इंजेक्शनही सुचवलं. पण कंपनीच्या पेनाची किंमत ऐकून दोघं मुकाट घरी आली.

मग कुणीतरी तेजस्वी मॅडमचं स्लिमिंग सेंटर सांगितलं. तेच औषध म्हणे, पण सुटं बनवून बाटलीत भरलेलं, आपल्याला परवडणारं. बाटलीवर ना कंपनीचं नाव, ना औषधाचं प्रमाण. सुरुवातीला मॅडम स्वतः टोचायच्या, "पाव" म्हणून. वहिनींचं वजन जरा उतरलं, चेहरा खुलला. पुढं मॅडमनी बाटली घरीच दिली आणि फोनवर आदर्शला सांगितलं, "आता अर्धा घ्यायचा." अर्धा काय, ते त्यांनी सांगितलं नाही, यानं विचारलं नाही. गोठ्यात आमचं सगळं सीसीवर चालतं. आदर्शनं अर्धा सीसी भरला आणि नेहमीच्या सफाईनं टोचला.

दुसऱ्या दिवशी वहिनींना उलट्या सुरू झाल्या. अन्नाचा वाससुद्धा सहन होईना. ते बघून आक्काला आभाळ ठेंगणं झालं. तिनं नृसिंहवाडीला नवस बोलला, बाजारातून चिंचा आणल्या, सुनेच्या हातातलं शेणाचं घमेलं काढून घेतलं. "निजून ऱ्हा गं बाई. पैल्यांदा हे असंच असतंय."

इंजेक्शनाचं आक्काला ठाऊक नव्हतं. आदर्श सांगायला निघाला, तर वहिनींनीच त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या की वो दोन दिवस. उलट्या थांबल्या की सांगू." आणि हा शहाणा गप बसला. उलट्या थांबल्या नाहीत. दवाखान्याचं नाव काढलं की आक्काच अडवायची, कारण पोटुशीला औषधं देऊ नयेत. शेवटी वहिनी न्हाणीत कोसळल्या, तेव्हा मला बोलावणं आलं. माझ्या दुधाच्या गाडीतून त्यांना कोल्हापूरला नेलं. आदर्शनं मला सगळं वाटेत, हळू आवाजात सांगितलं. आक्का मागं सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

दवाखान्यात आक्का सुनेजवळ थांबली; डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर घेऊन आदर्शनं आणलेली बाटली उजेडात धरली. "किती दिलंत?"

"अर्धा."

"अर्धा काय? मिलिग्रॅम की सीसी?"

"सीसी," आदर्श म्हणाला.

"अर्ध्या सीसीत अर्धा मिलिग्रॅम नसतो हो. कितीतरी पट जास्त गेलं असेल. आणि यात आणखी काय मिसळलंय, ते मलाही सांगता येत नाही." स्वादुपिंड सुजलं होतं, मूत्रपिंडं बंद पडली होती. मॅडमचा फोन लागत नव्हता. मी शिव्या देत तो लावतच राहिलो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आता आमच्या हातात काही राहिलं नाही.

आक्कानं त्यांचे पायच धरले. "सायेब, दोघं न्हाय तर न्हाय. पोटातलं तेवढं वाचवा."

डॉक्टरांनी आदर्शकडं बघितलं. तो खाली बसला, आईच्या शेजारी, फरशीवर.

"आक्का, पोटात काय न्हाय. कवाच न्हवतं. म्या दिलेल्या इंजेक्शनानं उलट्या हुत्या त्या."

मला वाटलं, आता आक्का हंबरडा फोडणार. पण तिनं हळूच विचारलं, "तिला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"मग चिंचा का खाल्ल्या रं तिनं?"

"तू दिल्यास म्हणून," आदर्श म्हणाला.