बाईच्या आवाजातला किस्सा

"या मास्तर, बसा. आज डोक्यावर काही शिल्लक ठेवायचं का?"

सलूनवाल्याचं हे वाक्य सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ होतं. फक्त आता ते एक तरुण बाई म्हणत होती, आणि तेही खात्यातली शिल्लक सांगावी इतक्या थंडपणे. घशाच्या ऑपरेशनमध्ये सलूनवाल्याचा आवाज कायमचा गेला. मुलीनं त्याच्या फोनमध्ये लिहिलेलं वाचून दाखवायची सोय करून दिली, पण त्यात मराठीला आवाज एकच होता, या बाईचा. भरघोस मिशांच्या सलूनवाल्यानं तो निमूटपणे घेतला.

पण कात्री चालवताना टाइप कोण करणार? म्हणून तो दिवसभराच्या गप्पा सकाळीच लिहून ठेवायचा आणि वेळ आली की कोपरानं बटण दाबायचा. बाई सगळं एका दमात वाचून मोकळी व्हायची. काल तिनं त्याचा हुकमी किस्सा असा उरकला, की खुर्चीतला माणूस नुसतं "बरं" म्हणाला. ते "बरं" सलूनवाल्याच्या जिव्हारी लागलं होतं.

बाकावर त्याचा मेहुणा येऊन बसला होता. "दाजी, आज काय ते ठरवा. दुकान चालवायला घेणारा माणूस भला आहे. गिऱ्हाइकं पांगायला लागलीत, दिसतंय ना? असं मुकाट्यानं किती दिवस रेटणार?" एवढं बोलून त्यानं जीभ चावली.

सलूनवाल्यानं मास्तरांच्या गळ्याभोवती कापड बांधलं.

"तो झोपाळू गिऱ्हाइकाचा किस्सा लाव की," मास्तर म्हणाले.

त्यानं मानेनंच नको म्हटलं.

"अरे, लाव रे! ही गेल्यापासून घरी बोलायला भिंतीच आहेत. महिनाभर वाट बघतो मी." मास्तरांनी कापडाखालून हात काढून फोन स्वतःच घेतला आणि बटण दाबलं.

"एक गिऱ्हाईक खुर्चीत घोरत झोपलं. केस झाले, दाढी झाली, तरी उठेना. हलवलं, पाणी मारलं. शेवटी घरून बायकोला बोलावलं."

इथे सलूनवाला नेहमी थांबायचा. आताही सवयीनं त्याची कात्री थांबली. मास्तरांना ती जागा ठाऊक होती, त्यांनी लगेच बटण दाबून बाईला गप्प केलं. आरशात दोघांची नजरानजर झाली. सलूनवाल्यानं चेहरा कमालीचा गंभीर केला, कंगवा कानामागे खोचला आणि एक भुवई हळूच वर नेली. मेहुणा नकळत पुढे सरकला. भुवई खाली आली तसं मास्तरांनी पुन्हा बटण दाबलं.

"ती म्हणाली, उठवू नका. मी पण घरी जाऊन जरा झोपते."

मेहुण्यानं मांडीवर थाप मारली. मास्तर तर खुर्चीसकट हलत होते. सलूनवालाही हसला, पण ऑपरेशनमध्ये गळ्याला पाडलेल्या छिद्रातून नुसती हवा आली. मास्तरांच्या कानाला इजा नको म्हणून त्यानं कात्री बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी डोळे पुसले. ते सगळंच हसण्याचं पाणी नव्हतं.

मास्तरांचं आटोपलं. मेहुणा घसा खाकरून म्हणाला, "मग दाजी, त्या माणसाला काय सांगू?"

सलूनवाल्यानं दारात जाऊन कापड फडकन झटकलं. मग मेहुण्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि फोन त्याच्या हातात दिला. कंगवा कानामागे खोचून सलूनवाल्यानं एक भुवई हळूच वर नेली.