पिठाचा अंगठा

मित्रांनो, माझ्या काचेला तडा होता, पाठीला रबर गुंडाळलेलं आणि पोटात पीठ गेलेलं. तरीही अल्लीपूरच्या अकरा मुलांचा मी कागदोपत्री पालक होतो. मी नत्थूजींचा जुना मोबाइल.

वर्ध्याच्या दुकानातून आलो तेव्हा मी चकाकत होतो. मग त्यांच्या पीठगिरणीत राहून पांढरा झालो. नंतर गावाबाहेरच्या रस्त्यावरच्या कॉन्व्हेंट शाळेनं ॲप काढलं. पालकांनी मोबाइलवर 'मंजूर' दाबल्याशिवाय मूल फाटकाबाहेर जाणार नाही! व्यवस्था भक्कम होती. पण दुपारी पालक वावरात, तिथे रेंज नाही. नत्थूजी मात्र दिवसभर गिरणीत. म्हणून अकरा घरांनी शाळेत माझाच नंबर लिहून दिला. सहल मंजूर, लस मंजूर, अर्धी सुट्टी मंजूर. नत्थूजी वाचत नसत. "लोकायचा भरवसा हाय आपल्यावर," म्हणत आणि दाबत. गावानं त्यांची तारीफ केली. माझी कुणी केली नाही.

एका दुपारी निरोप आला: 'सुरभीला न्यायला मामा आले आहेत. मंजुरी?' खाली फाटकावर काढलेला फोटो. माणूस हसत होता. नत्थूजींनी अंगठा टेकवला. अंगठ्याला ज्वारीचं पीठ, मला तडा. मला काही कळलं नाही. मी दबेना, म्हणून त्यांनी अंगठा धोतराला पुसला आणि कधी नव्हे तो निरोप वाचला, तेवढ्यात सुरभीची आई, वर्षाली, दळण न्यायला आली.

"वर्षाली, तुह्या पोरीले न्याले मामा आला. हा मोबाइल दबूनच नाई राह्यला!"

"कोनाचा मामा? मले भाऊच नाई, नत्थूजी!"

"मंग हा कोन हासून राह्यला?"

वर्षालीनं मला हिसकावून शाळेत फोन लावला. मंजुरी आली नव्हती, म्हणून सुरभी आतच बसली होती. तो माणूस निघून गेला होता.

दुसऱ्याच दिवशी दहा घरांनी शाळेत आपापले नंबर दिले. अकरावं घर ऋतिकचं. त्याचे आईबाप कापूस वेचायला दूर गेलेत, परतल्यावर देतील.

मित्रांनो, तुमच्या शाळेत कुणाचा नंबर लिहिलाय, एवढं आज घरी विचारा. माझी काळजी करू नका. नत्थूजींनी मला नवी काच बसवलीय. आता पिठाचा अंगठाही मला लगेच कळतो.

आत्ताच निरोप आलाय: 'ऋतिकला न्यायला काका आले आहेत. मंजुरी?'

नत्थूजी हल्ली वाचल्याशिवाय दाबत नाहीत. त्यांनी वाचलं. "ऋतिकले काका हाय," असं स्वतःशी म्हणाले. आहेतच, दोन आहेत.

फोटो त्यांनी पाहिला नाही. मी पाहिला. त्या दिवशीही तो असाच हसत होता.

अंगठा खाली येतो आहे.